खाली बसून सामान कोण सांभाळणार?



डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की बऱ्याच घरांत एक बेत ठरतो. "दोन दिवस नाशिकला राहू, त्यातच एक दिवस मांगीतुंगीही उरकून घेऊ." या ‘उरकून घेऊ’बद्दल मला आज बोलायचं आहे. डोंगर उरकायचा ठरला की घरातल्या कोणाला तरी हमखास सांगितलं जातं, "तुम्ही खालीच बसा, आम्ही पटकन जाऊन येतो. सामानाजवळ कोणीतरी हवंच." आणि ती कोणीतरी म्हणजे बहुधा आपल्या वयाची बाई असते. माझ्या मोठ्या जाऊबाई अशा तीन वेळा पायथ्याशी बसल्या आहेत. त्यांचे गुडघे काही इतके वाईट नव्हते. बेतच वाईट होता.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे आधी हिशेब मांडते. नाशिक शहरातून मांगीतुंगी साधारण सव्वाशे किलोमीटर, सटाण्याच्या बाजूला. जायला तीन तास, यायला तीन तास. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास. नातवंडं दीड-दोन तासांत चढतील, पण साठीच्या बाईला थांबत थांबत तीन तास धरा. वरच्या गुंफा, मूर्ती, शांतपणे दर्शन आणि एक माळ, यांना दीड तास. उतरायला दोन तास. बेरीज झाली साडेबारा तास, आणि यात जेवण धरलेलंच नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवस अकरा तासांचा. रात्रीभोजनाचा त्याग असलेल्या घरात तर संध्याकाळचं जेवणही त्याच अकरा तासांत बसवायचं.

जमेपेक्षा खर्च जास्त झाला की काहीतरी कापावं लागतं. डोंगर कापता येत नाही, रस्ता कापता येत नाही, दिवस वाढवता येत नाही. मग सगळ्यांत हळू चालणारं माणूस कापलं जातं. कोणी वाईट मनाने करत नाही. मुलं तर काळजीनेच म्हणतात, "आई, तुला त्रास होईल." पण सकाळी सातला नाशिकहून निघून दहा-साडेदहाला, ऊन चढल्यावर, अनवाणी पायांनी तापत जाणाऱ्या दगडी पायऱ्या चढायच्या म्हटल्यावर त्रास होणारच. हा दोष वयाचा कमी आणि वेळेचा जास्त.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक मुक्काम पायथ्याशी हवाच. तिथे धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे. सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा खोलीची चौकशी आधी फोनवर करून ठेवावी. खोली साधी असेल, हॉटेलसारखी गादी नसेल, पण त्या एका रात्रीने सकाळचे तीन तास हातात येतात. उजाडता उजाडता पहिल्या पायरीवर पाय ठेवला की निम्मा डोंगर थंडीतच चढून होतो, आणि उन्हं कडक व्हायच्या आत आपण वर असतो.

आता शहराचं काय? शहर सोडा असं मी म्हणत नाही. मी तर म्हणते, शहराचा मुक्काम आधी थोडा आणि नंतर थोडा असा वाटून घ्यावा. पहिल्या दिवशी नाशिकला पोचलात की दुपारनंतर म्हसरूळच्या गजपंथाला जा. तेही आपलं सिद्धक्षेत्र, आणि पायऱ्या साडेचारशेच्या आसपासच. दर्शन तर होतंच, शिवाय कोणाचे पाय किती साथ देतात ते तिथेच कळतं. तिथे धाप लागली तर डोलीचा विचार आधीच करता येतो. डोलीत कमीपणा काही नाही. फक्त ते चढणारीने स्वतः ठरवावं, तिच्यासाठी दुसऱ्यांनी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून निघावं, दुपारी पायथ्याशी विश्रांती. तिसऱ्या दिवशी डोंगर. साधारण एकपर्यंत खाली, जेवण, आणि दोनला निघालं तर पाचपर्यंत नाशिक, म्हणजे दिवस असतानाच संध्याकाळचं जेवणही होतं. चौथा दिवस शहराचा, सावकाश. पाय फार दुखत नसतील तर पांडवलेण्यांकडे जावं. लेणी बौद्धांची, पण अकराव्या लेण्यात आपल्या मूर्तीही आहेत. नाहीतर भांडीबाजारात तांब्या-पितळेची भांडी बघत हिंडावं. चिवडा घेताना कांदा-लसणाचं विचारून घ्यावं, एवढंच.

यावर घरात तीन आक्षेप येतात. पहिला, मुलांना रजा नाही. मग शहराचा चौथा दिवस कमी करा, पायथ्याची रात्र करू नका. दुसरा, खर्च वाढतो. धर्मशाळेची रात्र शहरातल्या हॉटेलच्या रात्रीऐवजी येते, जास्तीची नाही. वही घेऊन मांडून बघा. तिसरा आक्षेप गुडघ्यांचा, आणि तो खरा आहे. ज्यांना डॉक्टरांनी नाही सांगितलं आहे त्यांनी हट्ट करू नये. इतरांनी महिनाभर आधीपासून इमारतीचा जिना चढावा. एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या तर साडेतीन हजार म्हणजे १७५ मजले. रोज पाच मजल्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं. उतरण्याचाही सराव करावा, कारण गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतात. हातात काठी घ्यायला लाजू नये. आणि तुंगीचा चढ मांगीपेक्षा अवघड, तेव्हा दोन्ही झालीच पाहिजेत असा नेम करू नये.

२०१६ साली १०८ फुटी ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाल्यापासून मांगीतुंगीचं नाव दूरवर गेलं आहे, आणि फोटोपुरते येणारेही आहेत. त्यांना एक दिवस पुरेल. पण जी बाई आयुष्यभर निर्वाणकांडात या क्षेत्राचं नाव म्हणत आली, तिने तिथवर जाऊन पिशव्यांजवळ बसायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा बेत ठरताना चहा करायला आत जाऊ नका. कागद-पेन्सिल घेऊन मध्ये बसा. वेळ आपल्या चालीने मांडा, नातवाच्या नव्हे. आणि सामानाचा प्रश्न निघालाच तर सांगा, खोलीला कुलूप असतं.