होल्डन गेली, टोयोटा आली. आता चिडायचं कोणावर?

पाण्याच्या टाकीचं उद्या लिहितो. फाईल टेबलावरून हललेली नाही, उद्यापर्यंत हलणारही नाही. आज जरा लांबचा विषय. ऑस्ट्रेलियातली टूरिंग कार रेसिंग.

"तुला काय करायचंय त्याचं?" असं कोणी विचारायच्या आत सांगतो. माझा शाळेतला मित्र सिडनीच्या पश्चिमेला ओरान पार्कमध्ये राहतो. तिथं पूर्वी रेसिंगचा ट्रॅक होता. 2010 मध्ये तो बंद झाला आणि त्यावर घरं उभी राहिली. रस्त्यांना जुन्या रेसर लोकांची नावं दिलीत, पीटर ब्रॉक ड्राइव्ह वगैरे. आपल्या भागातली बरीच मंडळी त्या बाजूला घरं घेऊन आहेत. परवा मित्राचा पोरगा टोयोटाची टोपी घालून अंगणात खेळत होता, तर शेजारचे गोरे आजोबा म्हणाले, "ती गाडी इथली नाही रे बाळा." आजोबा चांगले आहेत, लिंबं आणून देतात. पण मित्राला ते वाक्य लागलं. त्याने रात्री फोन केला आणि आम्ही तासभर गाड्यांवरच बोललो.

टूरिंग कार म्हणजे फॉर्म्युला वनची ती विमानासारखी गाडी नव्हे. आपल्या दारात उभी असते तसल्या गाडीची शर्यत. 1960 मध्ये फिलिप आयलंडला 500 मैलांची शर्यत सुरू झाली तेव्हा गाड्या शोरूममधून निघतात तशाच पळवायच्या, असा नियम होता. 1963 ला ती बॅथर्स्टला आली. बॅथर्स्ट हे न्यू साउथ वेल्समधलं आपल्या तालुक्याच्या गावासारखं गाव. गावाच्या डोक्यावर माउंट पॅनोरमा हा डोंगर, त्याच्याभोवती 6.213 किलोमीटरचा रस्ता. एरवी हा साधा सरकारी रस्ता, ताशी 60 ची मर्यादा, कडेला लोकांची घरं. ऑक्टोबरात त्याच रस्त्यावर 161 फेऱ्या, एकूण हजार किलोमीटर.

बाप ज्या होल्डनमधून पोराला शाळेत सोडायचा, तीच होल्डन रविवारी डोंगर चढायची. शेजाऱ्याची फोर्ड तिच्या मागे. सगळी ओढ एवढ्यावर उभी होती. होल्डनचं घर आणि फोर्डचं घर, आपल्याकडच्या दोन भावक्यांसारखं. पीटर ब्रॉक होल्डनवाल्यांचा देव, बॅथर्स्ट नऊ वेळा जिंकला. डिक जॉन्सन फोर्डवाल्यांचा. 1980 ला तो पुढे असताना रस्त्यावर पडलेल्या दगडाला गाडी धडकली, खेळ खलास. टीव्हीवर त्याला रडवेला झालेला बघून लोकांनी फोन करकरून पैसे पाठवले. जेवढे जमले तेवढेच फोर्डने वर घातले. 1981 ला तो बॅथर्स्ट जिंकला. लोकवर्गणीतून उभा राहिलेला हिरो आहे तो.

आता दुसरी बाजू, जी त्या आजोबांना आठवत नसावी. 1992 ला निस्सानची जीटी-आर जिंकली. पावसात शर्यत थांबवावी लागली होती. बक्षीस समारंभात लोकांनी विजेत्यांची हुर्यो उडवली, जिम रिचर्ड्सने माईकवरून शिवी हासडली. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि मैदान फोर्ड-होल्डनच्या व्ही-एट गाड्यांना मोकळं झालं. धंदा जोरात चालला, हे खरं. पण दोनच कंपन्यांवर उभा केलेला मांडव एक खांब गेला की कलणारच.

आणि खांब दोन्ही गेले. फोर्डने ऑक्टोबर 2016 ला तिथला कारखाना बंद केला. होल्डनचा अ‍ॅडलेडजवळचा कारखाना ऑक्टोबर 2017 ला. फेब्रुवारी 2020 मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच संपवत असल्याचं सांगितलं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. हीच जनरल मोटर्स 2017 ला भारतात गाड्या विकायची थांबली आणि 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन बंद झालं. फरक एवढाच की तळेगावच्या गाडीवरून आपल्याकडे कोणी भावकी केली नव्हती. तिकडे नोकऱ्या गेल्याच, शिवाय रविवारही गेला.

त्यानंतरची गोष्ट जरा केविलवाणी आहे. 2023 पासून मस्टँग विरुद्ध कमॅरो. दोन्ही अमेरिकन. आतला सांगाडा बराचसा सारखा, वर कंपनीचा मुखवटा. त्यातल्या कमॅरोचं उत्पादन वर्षभरातच थांबलं! रस्त्यावर लोक घेतात फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स, नाहीतर एसयूव्ही. म्हणजे दारातली गाडी एक आणि ट्रॅकवरची दुसरीच. त्यात 2015 पासून बऱ्याचशा शर्यती पैसे भरून घ्यायच्या चॅनलवर गेल्या. बॅथर्स्ट फुकट दिसते, पण वर्षातून एका रविवारी पोरगं चाहता होत नसतं. चांगले ड्रायव्हर बाहेर चाललेत. स्कॉट मॅकलॉक्लिन इंडीकारला गेला, शेन व्हॅन गिसबर्गन नॅसकारला. मेलबर्नच्या फॉर्म्युला वनला 2025 मध्ये चार दिवसांत साडेचार लाखांवर गर्दी झाली. तिथं या गाड्या मधल्या वेळेत पळतात, मुख्य पाहुण्याच्या आधीच्या भाषणासारख्या. मग उपाय म्हणून 2025 ला बाद फेरी आणली. वर्षभर ब्रॉक फीनी गाजला आणि अ‍ॅडलेडला किताब चॅझ मोस्टर्टने नेला. मोस्टर्ट गुणी आहे, वाद नाही. पण मला ही पद्धत पटली नाही. वर्षभराचा अभ्यास आणि शेवटच्या पेपरावर निकाल.

टोयोटाचा निर्णय मात्र मला पटतो. 2026 पासून सुप्रा घेऊन ती उतरतेय. "परकी गाडी" म्हणणाऱ्यांनी एक तारीख बघावी. टोयोटाचा मेलबर्नजवळ अल्टोनाला कारखाना होता, तिथं कॅमरी बनायची. तो बंद झाला 3 ऑक्टोबर 2017 ला, होल्डनचा 20 ऑक्टोबरला. म्हणजे फोर्डनंतरही वर्षभर ही "परकी" गाडी तिथल्याच कामगारांच्या हातून बाहेर पडत होती. मग ती इथली नाही कशी?

ढोंग टोयोटाच्या बाजूनेही आहेच. शोरूममधल्या सुप्रात सहा सिलिंडरचं इंजिन, शर्यतीतल्या सुप्रात व्ही-एट, कारण लोकांना आवाज हवा. चालायचंच. पण पुढची वीस वर्षं काढायची असतील तर 1992 ची चूक परत नको. ओरान पार्कमधल्या ज्या घरांत टोयोटा, ह्युंदाई, किआ उभ्या आहेत, त्या घरांतल्या पोरांना त्या डोंगरावर आपलं म्हणायला काहीतरी दिसलं पाहिजे आणि वर्गणी न भरता टीव्हीवर दिसलं पाहिजे. ब्रॉकच्या आठवणींवर संग्रहालय चालेल, मोसम चालणार नाही.

मित्राला म्हटलं, ऑक्टोबरात आजोबांनाच घरी बोलाव. पोहे कर, बॅथर्स्ट लाव. सहा-सात तासांची शर्यत असते, बोलायला वेळच वेळ. तो म्हणाला, "बोलावलंय. होल्डनची जुनी टोपी घालून येणार आहेत म्हणे."