जुन्या जीपला महागाचे पेट्रोल कशाला?



मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आसवनीचा हिशेब वाचून दाखवला जात होता. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "नफा झाला, बरं झालं. पण आपल्याच इथेनॉलनं माझ्या जीपची रबरं खाल्ली, त्याचं काय?" मंडपात हशा पिकला, व्यासपीठावरची मंडळीही हसली आणि विषय पुढे गेला. मला काही हसू आले नाही. माझ्याही गोठ्याशेजारी १९६८ सालची पेट्रोल जीप उभी आहे. वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली. आजही ती बेण्याच्या मोळ्या आणि खताची पोती ओढते.

सभा सुटल्यावर चहाच्या टेबलाशी त्यांना गाठले. आता काय टाकता म्हणून विचारले, तर म्हणाले, "पंपावरच्या पोरानं सांगितलं, जुनी गाडी हाय, जादा ऑक्टेनचं टाका. महाग पडतं, पण गाडीला ताकद येती म्हणं." इथेच आपली फसगत होते. मी स्वतः ती वर्षभर करून घेतली आहे, म्हणून लिहितो.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग ठिणगी पडते. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातले मिश्रण आपल्या आपण भडकले की चढावर ठणठण आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन ठोकतंय. दाब पडला तरी असे आपोआप न भडकण्याचा जो गुण, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. जास्त दाबाच्या इंजिनाला मोठा आकडा लागतो. कमी दाबाच्या इंजिनात मोठा आकडा ओतणे म्हणजे दोन पोती न्यायला दहा टनांची ट्रॉली जोडणे.

आता आपल्या जुन्या गाड्या बघा. मूळच्या विलिस जीपचे इंजिन मिश्रण साडेसहा पट दाबते, नंतरच्या जीपचे सातच्या आसपास. अँबॅसडरचे १४८९ सी.सी.चे आणि प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे इंजिनही सात-आठच्या घरात. पेट्रोलवर चालणारे जुने बेडफर्ड, शेव्हरोलेचे ट्रक कुणी हौसेने जपले असतील, तर त्यांचेही प्रमाण सहा-साडेसहाच. नव्या मोटारी दहाच्या पुढे असतात. आपली ही इंजिने बनली तेव्हा साध्या पेट्रोलचा आकडा नव्वदीच्या खाली होता. भारत स्टेज तीन २०१० साली देशभर लागू झाले आणि तो ९१ वर आला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तर तो किमान ९५ ठरवला आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा आकडा शंभराच्या वर आहे. म्हणजे जीपने जन्मात मागितला नाही एवढा ऑक्टेन साध्या नळीतूनच तिला मिळतो, आणि तोही आपल्याच उसातून गेलेला!

तेव्हा जादा पैसे मोजून घेतलेला मोठा आकडा धुरावाटे जातो. चढावर गाडी ठोकत असेल तर आधी टायमिंग बघावे, हेडमधला कार्बन काढावा. दुरुस्तीत कुणी हेड जास्त घासून दाब वाढवला असेल तर गोष्ट निराळी. माझा पुतण्या अमेरिकेत असतो, त्याने कळवले की तिकडे ८७ चालते, मग तुम्ही ९१ का टाकता? त्यांच्या पाटीवरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपला एकाच चाचणीचा. त्यांचे ८७ ते आपले साधारण ९१. तिकडचा सल्ला इकडे तसाच लावू नये.

शिशाचा प्रश्नही काही जुनी मंडळी काढतात. ठोका थांबवायला पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती १९२१ साली अमेरिकेत निघाली. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्याच संशोधकांना ठाऊक होते, तरी बाजारात शिसे गेले आणि जगाने ते कित्येक दशके श्वासातून घेतले. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून ते बंद झाले, हे फार चांगले झाले. फक्त त्या शिशाचा थर जुन्या मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह-सीटला जपत असे. टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होऊ लागली तर पुढच्या हेडकामात कडक सीटच्या रिंगा बसवून घ्याव्यात. त्यावरही ऑक्टेन हे औषध नाही.

मग त्या सभासदांची जीप बिघडली ती खोटी का? मुळीच नाही. माझीही बिघडली. महागाचे पेट्रोल चालू असतानाच एकदा कालव्याच्या पुलावर पेट्रोलचा भपकारा आला. बॉनेट उघडले तर पंपाचा पडदा फुटून तापल्या इंजिनावर धार लागलेली. बिडी ओढणारा कुणी शेजारी असता तर जीप आणि मी, दोघांचाही पंचनामा झाला असता. मिस्त्री म्हणाला, "मालक, आकड्याचं दुखणं न्हाई हे. रबराचं हाय." बहुतेक महागाच्या पेट्रोलातही इथेनॉल असतेच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

जुन्या काळचे पाइप, पडदे, वायसर इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. व्हिटॉन रबराचे मिळतात ते आणावेत; थोडे महाग पडतात, पण वर्षभराच्या जादा ऑक्टेनपेक्षा स्वस्तच. दुसरे, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात चार महिने अर्ध्या टाकीवर गाडी उभी ठेवली की पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाला बसते, टाकी गंजते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. उभी करायची तर टाकी रिकामी करावी, नाहीतर गच्च भरून अधूनमधून चालवावी. टाकीतला जुना गाळही हे पेट्रोल सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर दोनदा-तीनदा बदलावा लागतो. प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते असे समजावे आणि कार्बोरेटरचा जेट एखादा नंबर मोठा घालावा. मे महिन्यात पंपावर ओले फडके टाकण्याची जुनी फियाटवाल्यांची युक्ती अजूनही कामाची आहे.

अॅव्हरेजचेही खरे सांगावे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचे अॅव्हरेज वीस टक्के इथेनॉलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे.

हे लिहितो म्हणून मी इथेनॉलच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. साखर गोदामात पडून असते तेव्हा इथेनॉलचाच पैसा उसाच्या बिलाला उपयोगी पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले तेव्हा आपण सगळ्यांनी ओरड केली होती, आणि रास्त केली होती. पण विकणारे आपण आहोत. गिऱ्हाइकाच्या गाडीचे रबर गेले तर हसायचा हक्क आपल्याला नाही. आणि इथे तर गिऱ्हाईकही आपलाच सभासद. इथेनॉलने काही होत नाही, असे छातीठोक सांगत फिरू नये. जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल तालुक्याच्या एका तरी पंपावर, स्वच्छ पाटी लावून मिळावे, ही मागणी ऊस उत्पादकांनीच पुढे होऊन करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तोवर एक काम आपल्या हातात आहे. गळीत हंगाम संपला की कारखान्याच्या वर्कशॉपला थोडी उसंत असते. त्या दिवसांत सभासदांच्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे पाइप, पंपाचे पडदे आणि फिल्टर सामानाच्या किमतीत बदलून द्यावेत. मजुरी आसवनीच्या खात्यातून जावी. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव घ्यावा असा अर्ज कार्यालयात दिला आहे. सूचक म्हणून त्या ज्येष्ठ सभासदांची सही आहे, अनुमोदक म्हणून माझी.

— एक ऊस उत्पादक सभासद