किल्ल्यातला साहेब

बालदोस्तांनो, इंग्रजांच्या काळातली इमारत म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईचं बोरीबंदर स्टेशन! हो ना? तो घुमट, त्या कमानी, दगडात कोरलेले प्राणी-पक्षी. १८८८ साली ते बांधून पुरं झालं. मुंबई पडलं मोठं बंदर. तिथं इंग्रजांनी नव्या इमारती उठवल्या.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ना समुद्र, ना बंदर. पण साहेब इथंही आला होता, बरं का!

झालं असं, की फौजेच्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामाकडे इंग्रज कंपनीचं देणं साचलं. म्हणून १८५३ साली काही मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. त्यात नळदुर्गही होतं. तिथं कारभार पाहायला आले मेडोज टेलर. १८६० साली हा भाग पुन्हा निजामाकडे गेला.

आता गंमत पाहा. नळदुर्गात साहेबाला नवल वाटावं असं काम आधीच उभं होतं! आदिलशाहीत, १६१३ च्या सुमारास, इथं बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात खोल्या आहेत. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं, आणि आतला माणूस कोरडाच! हाच आपला पाणीमहाल. शेजारी नर-मादी धबधबे.

टेलर कंपनीचे अधिकारी. सारा वसूल करणं हे त्यांचं काम. पण त्यांना लिहिण्याचा नादही होता. १८७७ साली छापलेल्या आत्मचरित्रात त्यांनी नळदुर्गाचं वर्णन केलंय. ‘तारा’ या त्यांच्या कादंबरीत तर आपलं तुळजापूर आहे.

म्हणजे साहेबाचं नाव राहिलं. आणि बंधाऱ्याचे दगड ज्यांनी घडवले, वाहिले, रचले ते पाथरवट, गवंडी, मजूर? त्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. म्हणून जुनी वास्तू पाहताना दोन प्रश्न जरूर विचारा: ही कुणाच्या हुकमानं झाली? आणि कुणाच्या हातांनी झाली?

चारशे वर्षं त्या हातांचं काम पाण्याला दाद देत नाहीये. त्यावर खिळ्यानं ‘पिंट्या’ नि ‘बंड्या’ कोरणारे महाभाग मात्र आजही भेटतात! तुम्ही तसं करू नका. नाव राहावं असं वाटतं ना? मग सहलीला जाताना वही न्या. जे पाहाल ते लिहा, चित्र काढा, खाली झोकात सही ठोका. टेलरसाहेबाचं नावही कागदावरच राहिलंय!