बँडमास्तरही प्राध्यापकच

आषाढीची वारी आटोपून गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला परतते, तेव्हा पांढऱ्या पोशाखातले शेकडो वारकरी टाळ वाजवत, अभंग गात ओळीने चालतात आणि ओळ मोडत नाही. ही शिस्त आपोआप येत नाही, ती कुणीतरी घडवलेली असते. चालता चालता वाजवणे ही निराळी विद्या आहे. बसून वाजवणाऱ्यालाही ती मुद्दाम शिकावी लागते. बुलढाणा जिल्ह्याने ती रस्त्यावर जपली. महाविद्यालयांना मात्र बँड आठवतो तो बहुधा 26 जानेवारीला नि 15 ऑगस्टला. शिक्षणावरच्या या सदरात आज एवढेच मांडायचे आहे, की बँड बसवणारा माणूस हा विद्यापीठाचा पूर्ण पगारी शिक्षक असायला हवा.

अमेरिकेतले विल्यम फॉस्टर यांचे आयुष्य त्यासाठी पाहण्यासारखे आहे. जन्म 1919 चा, कॅन्सस विद्यापीठाची पदवी 1941 ची. पण कृष्णवर्णीय संचालकाला त्या काळी मोठ्या वाद्यवृंदांची दारे बंदच होती. 1946 मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात गेले आणि 1998 पर्यंत, तब्बल 52 वर्षे, तिथल्याच बँडला शिकवत राहिले. मैदानावरच्या बँडचे रूढ माप पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे एक पाऊल सुमारे 57 सेंटिमीटरचे. कोणत्या मात्रेला कोण कुठे असेल हे संचालक कागदावर आखतो, हाताशी असलेल्या वाद्यांना बेतून चाली लिहितो आणि मग ते सारे उन्हात घोटून घेतो. यात संगीत आहे, भूमिती आहे, आणि शेकडो तरुणांना सांभाळणेही आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, 1989 मध्ये, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेच्या वतीने फॉस्टर यांचाच बँड चालला. हे शिक्षण नाही, तर शिक्षण म्हणायचे कशाला?

‘हे परदेशी खूळ’ ही हरकत टिकत नाही. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आपल्या वरातींत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आहेत, आणि कीर्तनातली पेटीही बाहेरूनच आली. दुसरी हरकत मात्र जड आहे. फॉस्टर निवृत्त झाल्यानंतर, 2011 मध्ये, त्याच बँडमधल्या एका विद्यार्थ्याचा सोबत्यांच्या मारहाणीत जीव गेला आणि विद्यापीठाला 2013 पर्यंत बँड बंद ठेवावा लागला. पूर्णवेळ संचालक असूनही हे घडले, तेव्हा नुसती नेमणूक पुरणार नाही, देखरेखही हवी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. पण कार्यक्रमापुरत्या येणाऱ्या माणसाला मुलांच्या खोल्यांत काय चालते ते कळणारच नाही. रोज भेटणारा, जाब देणारा शिक्षक त्यासाठीही लागतो. खर्चाचे म्हणाल, तर लग्नसराई सरली की रिकामे बसणारे कसबी वादक आपल्याच तालुक्यांत आहेत. त्यांना मानाने शिकवायला बोलावता येईल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने येत्या वर्षी असे एक पद निर्माण करावे आणि सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातून करावी.