चांगल्या मशीनला भंगार म्हणू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजांत जुने कॉम्प्युटर 'निकामी' ठरवून नव्या खरेदीची फाईल फिरवू नका, एवढंच माझं म्हणणं. मशीन धडधाकट आहेत, विंडोज ११ त्यांना घेत नाही इतकंच.

पेनड्राइव्हवर लिनक्स टाका, त्यावरूनच बूट करा. हार्डडिस्कला हात नाही, नेटची वाट पाहणं नाही. साइलॅब, पायथन, आर, क्यूजीआयएस, सगळं फुकट. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशाच मोफत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो.

मेंढा-लेखानं २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या जंगलाचा नकाशा आपली पोरं आपल्याच मशीनवर का काढू नयेत? गोंडवाना विद्यापीठानं प्रॅक्टिकलला हे सॉफ्टवेअर चालेल असं लेखी द्यावं. भाऊ, तुमच्या कॉलेजात विचारा, उत्तर इथं लिहा.