शत्रू संपल्यावर

७ ऑगस्ट २०१५ला चेल्सीने मॅनेजर जोझे मॉरिन्होसोबत चार वर्षांचा नवा करार जाहीर केला. मे महिन्यातच त्याने संघाला प्रीमियर लीग जिंकून दिली होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर स्वान्सीविरुद्ध मोसमाचा पहिला सामना होता. चेल्सीचा गोलरक्षक लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला, बरोबरी २-२, शेवटची वाढीव मिनिटं चालू, आणि इडन हॅझार्ड मैदानावर पडला. पंचांनी बोलावलं म्हणून डॉक्टर इव्हा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. उपचार घेतलेल्या खेळाडूला नियमाप्रमाणे बाहेर जावं लागतं, त्यामुळे काही क्षण चेल्सीचे नऊच जण उरले. सामना बरोबरीतच सुटला. पण मॉरिन्हो पत्रकारांसमोर आला आणि खेळाची समज नसल्याचा ठपका त्याने आपल्याच वैद्यकीय पथकावर ठेवला.

पंच बोलावत असताना डॉक्टरने दुसरं करायचं तरी काय? कार्नेरोला त्यानंतर सामन्यांच्या दिवशी बाकावर जागा मिळाली नाही. तिने क्लब सोडला, दावा केला आणि जून २०१६मध्ये क्लबला तिची जाहीर माफी मागावी लागली. ती माफी पाहायला मॉरिन्हो क्लबमध्ये उरला नव्हता. १७ डिसेंबर २०१५लाच त्याला नारळ मिळाला होता. गतविजेते सोळापैकी नऊ सामने हरून सोळाव्या स्थानावर होते. खालच्या विभागात ढकलल्या जाणाऱ्या तिघांपासून त्यांना वाचवत होता फक्त एक गुण.

एका डॉक्टरच्या अपमानाने संघ कोसळला, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण मॉरिन्होने ज्या हत्याराने सगळं कमावलं, तेच त्या दिवशी घरात उपसलं गेलं, म्हणून तो प्रसंग मला विसरता येत नाही.

त्याची रीत ठरलेली. सारं जग आपल्या वाईटावर टपलंय हे खेळाडूंना पटवून द्यायचं. पंच, वेळापत्रक आखणारे, पत्रकार, समोरचा मॅनेजर, जो हाताशी लागेल तो शत्रू. ही रीत किती जबरदस्त चालते हे बघायचं असेल तर २०१०च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना बघा. तेव्हा मॉरिन्होच्या हाताखाली खेळणाऱ्या इंटर मिलानच्या मोट्टाला बार्सिलोनात अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला तासाहून अधिक वेळ दहा जण किल्ला लढवत राहिले, आणि त्यात सॅम्युअल इटो होता. आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात गोल करून बार्सिलोनाला ही स्पर्धा जिंकून देणारा हा आघाडीपटू त्या रात्री फुलबॅकसारखा राबला. इंटर तो सामना ०-१ हरला, पण दोन्ही सामने मिळून ३-२ने पुढे गेला. माद्रिदमध्ये करंडक जिंकल्यावर मॉरिन्हो गाडीतून उतरून मार्को मातेराझ्झीच्या गळ्यात पडला आणि दोघंही ढसाढसा रडले. मातेराझ्झी अंतिम सामन्यात जेमतेम शेवटच्या क्षणी मैदानावर आलेला. राखीव खेळाडूही ज्याच्यासाठी असा रडतो, त्याला नुसतं उद्धट म्हणून मोकळं होता येत नाही.

मग हाच माणूस एवढ्यांदा हाकलला का जातो? मला वाटतं, चवताळून लढायला शत्रू लागतो आणि जिंकल्यावर बाहेरचे शत्रू फिके पडतात. मग नजर आत वळते. आदल्या मोसमात लीगचं एकेक मिनिट खेळलेल्या चेल्सीच्या कर्णधार जॉन टेरीला त्याने स्वान्सीविरुद्धच्या लढतीनंतर पुढच्याच सामन्यात मध्यंतराला बसवलं. ऑक्टोबरमध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध माटिचला मध्यंतरानंतर उतरवलं आणि अर्ध्या तासाच्या आतच परत बोलावलं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर, मला काढाल तर क्लबच्या इतिहासातला सर्वोत्तम मॅनेजर काढाल, असं सुनावलं. शेवटी लेस्टरकडून हरल्यावर तो म्हणाला, माझ्या मेहनतीचा विश्वासघात झाला. (लेस्टरचा मॅनेजर होता क्लॉडिओ रानिएरी, ज्याला काढून २००४ साली चेल्सीने मॉरिन्होला आणलं होतं. नियती अशा वेळी जरा जास्तच मेहनत घेते.)

कठोरपणाचं म्हणाल तर मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनही काही मवाळ नव्हता. त्याच्या लाथेने उडालेला बूट एकदा डेव्हिड बेकहॅमच्या भुवईला लागला होता. पण खेळाडूचे वाभाडे त्याने सहसा बंद दाराआड काढले, बाहेर त्याची पाठराखणच केली. २००५मध्ये कर्णधार रॉय कीनने क्लबच्याच वाहिनीवर सहकाऱ्यांना फटकारलं. ती मुलाखत कधी दाखवली गेली नाही आणि कीनला जावं लागलं. मँचेस्टर युनायटेडमध्ये जो गुन्हा कर्णधारालाही माफ नव्हता, तोच पुढे तिथे मॅनेजर म्हणून आलेला मॉरिन्हो उघडपणे करत राहिला. ल्यूक शॉला त्याने माइकसमोर सोलून काढलं. पोग्बाशी बिनसलं, त्याचं उपकर्णधारपद गेलं. चेल्सीतून गेल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, १८ डिसेंबर २०१८ला, तो तिथूनही गेला.

चार दिवसांनी तेच खेळाडू तात्पुरत्या मॅनेजरच्या हाताखाली कार्डिफला ५-१ने हरवून आले. लीगच्या एका सामन्यात युनायटेडने पाच गोल करण्याची, फर्ग्युसनच्या २०१३मधल्या निरोपाच्या लढतीनंतरची, ती पहिलीच वेळ होती.