गुण त्या दिवसाचे असतात

संपादक महोदय,

जुन्या रेड वाइनला समीक्षक देतात ते गुण म्हणजे थोतांड, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. पुरावा म्हणून पॅरिसची १९७६ ची चाचणी दिली आहे. माझ्या मते ती नेमका उलट पुरावा देते.

स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या त्या चाचणीत लेबले झाकलेली होती. म्हणूनच फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप १९७३ ला फ्रान्सच्या मूतों रॉथशील्ड १९७० च्या वर बसवले. कॅलिफोर्नियाचीच रिज माँटे बेलो १९७१ पाचवी आली. कॅलिफोर्नियाची वाइन मुरणार नाही, असा आक्षेप पुढे निघाला. २००६ मध्ये लंडन आणि नापा येथे त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा माँटे बेलो पहिली आली आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले!

याला परीक्षकांची धरसोड म्हणणे अन्यायाचे आहे. तीस वर्षांत वाइनच बदलली होती. तुरटपणा मवाळ होतो, जांभळट रंग विटकरी होतो, तळाशी साका बसतो. काही वाइनना हे मानवते, काहींना नाही.

आपणही परीक्षण छापताना वाइन कधी चाखली आणि लेबल झाकले होते का, हे जरूर द्यावे.

— एक वाचक, नाशिक